भूगोलाच्या सरांची होडी

आमच्या शाळेची ओसरी लांबलचक आणि शहाबादी फरशीची होती. तास संपल्याची घंटा झाली की त्या फरशीवर शिक्षकांच्या पादत्राणांचा नाद उठे आणि तेवढ्यावरून कोण कोणत्या वर्गाकडे निघाले, हे शिक्षकखोलीत बसूनही सांगता येत असे. त्या नादात एका व्यक्तीची पावले कधीही नसत. भूगोलाचे सर ओसरी सोडून तिच्या कडेने, अंगणातील मातीवरून चालत. पावसाळ्यात अंगणात घोटाभर चिखल होई, तरी सर मातीवरूनच. वर्गात शिरण्यापूर्वी ते पायरीवर बूट खरवडत उभे राहत आणि मुले खिडकीतून हसत. एकदा मुख्याध्यापकांनी विचारले, "अहो सर, ही फरशी काय तुम्हाला चावते?"

सर गंभीरपणे म्हणाले, "भूगोलाचा मास्तर हाय मी साहेब. माती सोडून कसं भागंल?"

सगळे हसले, मीही हसलो. सरांच्या अनेक लहरींपैकी ही एक, असे आम्ही धरून चाललो होतो.

लहरी खरोखरच अनेक होत्या. कोणतीही वस्तू हाती आली की बोटाच्या पेराने तिच्यावर ठकठक करायची आणि कान लावून ऐकायचे, ही त्यांची सवय. कलिंगड, फळा, नवे बाक, पाण्याचा माठ, शिक्षकखोलीचे दार. ठोकल्याशिवाय त्यांनी काहीही स्वीकारले नाही. शाळेला नवा पृथ्वीचा गोल आला तेव्हा तोही त्यांनी ठोकून पाहिला आणि "पोकळ हाय, पण खरी आसंच वाजत आसंल," असा निर्वाळा दिला. वर्गाच्या टेबलावर ते पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवीत. पाणी हलले की शिकवणे थांबवीत आणि ते स्थिर होईपर्यंत साऱ्या वर्गाला पाहत बसायला लावीत. परभणीपासून समुद्र किती दूर, असे एका मुलाने विचारले तेव्हा ते म्हणाले, "दूर न्हाई रे. फक्त मधी जमीन लय हाय."

मी त्या शाळेत संस्कृत शिकवीत असे. प्रातःस्नान, संध्या, देवपूजा आणि मग शाळा असा माझा ठरलेला क्रम होता. माझ्यासारख्या माणसाशी त्यांचे सख्य कसे जुळले, याचे मलाच नवल वाटते. ते मला 'शास्त्रीबुवा' म्हणत. माझ्या संध्येत आचमनाला पाणी लागते आणि त्यांच्या टेबलावरही पाणी असते, एवढाच काय तो धागा असावा.

सरांचा डावा पाय उजव्यापेक्षा चार बोटे आखूड होता. लहानपणी बैलगाडीवरून पडून हाड मोडले. ते बसवणाऱ्याने वाकडे बसवले. पुढे कोणीतरी हैदराबादेहून उंच टाचेचा बूट करवून आणला. परंतु तोवर कंबरेला जुन्या चालीची सवय झाली होती. बूट जड झाला, चाल तीच राहिली. पायात शक्ती मात्र पुरेपूर होती. शाळेच्या विहिरीवरचा रहाट ते डाव्या पायाचा रेटा देऊन एकट्याने फिरवीत.

एके दिवशी शिक्षकखोलीत वेळापत्रकाशेजारी त्यांनी एक चित्र टाचले. रद्दीच्या दुकानातून त्यांनी भूगोलाची चित्रे म्हणून जुनी इंग्रजी मासिके आणली होती, त्यांतले ते पान होते. निळ्याशार पाण्यावर एक मनुष्य दोन लांब फळ्यांवर ताठ उभा होता. त्याच्या हातात दोरी, दोरीचे दुसरे टोक पुढे धावणाऱ्या होडीला. मागे पाण्याची पांढरी पिसे उडत होती.

गणिताचे सर म्हणाले, "हे काय नवीन? आता पाण्यावर चालायचा विचार आहे का?"

"चालायचा न्हाई. तेच तर हाय." सर चित्रासमोर उभे राहिले. "बगा, हा मानूस पाऊल टाकायला न्हाई. नुसता उभा हाय आन् जायलाय."

"म्हणजे?"

"लंगडेपण पायात नसतं सर, पावलात आसतं. जिथं पाऊलच टाकायचं न्हाई, तिथं मानूस लंगडंल कसा?"

आपल्या पायाविषयी ते बोललेले आम्ही प्रथमच ऐकले होते. त्याच मासिकात एकाच रुंद फळीवर आडवे उभे राहून होडीमागे जाणाऱ्या दुसऱ्या एका माणसाचेही चित्र होते. ते त्यांनी बाजूला सारले. "ह्यो मानूस आडवा उभा हाय. मला सरळ उभं ऱ्हायचंय."

मी त्यांना एकांतात विचारले, की हे सारे कशासाठी? पुढच्या रविवारी ते मला झरीला, आपल्या आईकडे घेऊन गेले.

आई सत्तरीच्या घरात होत्या. सरांचे वडील लवकर वारले. तेव्हापासून शेत त्यांनी एकटीने सांभाळले, विहिरीवरची मोटही स्वतः हाकली. गावात त्यांची एक ख्याती होती. कोणालाही बैल घ्यायचा असला की तो आईंना बाजारात घेऊन जाई. त्या बैलाच्या शिंगाकडे वा रंगाकडे फारसे पाहत नसत. कासरा हातात घेत, बैलाला चार पावले चालवीत आणि सांगत, की हा मागल्या उजव्या पायावर भार देत नाही, किंवा हा खांदा चोरतो. त्यांचे एक वाक्य सर वारंवार उच्चारीत: "डोळा फसतो लेकरा, हात फसत न्हाई." सरांची ठोकून घेण्याची सवय कोठून आली, हे मला त्या दिवशी कळले.

आईंनी मला नमस्कार केला, पण तो माझ्यापासून जरा बाजूला झाला. त्या हसून म्हणाल्या, "म्हाराज, आता मानसं धुरातून आल्यावानी दिसायलीत." परतीच्या वाटेवर सरांनी सांगितले की तो काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली फार दिवस टिकणार नाही, असे डॉक्टर म्हणाले होते.

"शास्त्रीबुवा, हाड मोडलं तवा माय मला कडेवर घेऊन शाळंला न्यायची. नंतर मी चालायला लागलो आन् ती माझी चाल बगत बसायची. आजून बगते. मी दारात आलो की तिची नजर आदी पायावर जाते, मग तोंडावर." मग ते म्हणाले, "तिनं एकदा मला सरळ जाताना बगावं. डोळे जायच्या आत. बास."

त्यानंतर मी त्यांना 'कशासाठी' असे पुन्हा विचारले नाही.

नवी होडी त्यांच्या आवाक्याबाहेर होती. म्हणून जुनी होडी शोधणे ओघानेच आले. परभणीच्या माणसाने जुनी होडी कशी पारखावी, हे सांगणारा कोणी आसपास नव्हता. सरांनी तो प्रश्न सहज सोडवला. "जनावर घेतो तसंच घ्यायचं. फरक इतकाच, की हिला दात न्हाईत." आणि शुभकार्याला सोबत म्हणून त्यांनी मला बरोबर घेतले.

पहिली होडी नांदेडला गोदावरीच्या घाटावर पाहिली. ती सागवानी, रुंद आणि दणकट होती. सरांनी ती तळापासून काठापर्यंत ठोकली. आवाज खणखणीत आला. मालक खूश झाला. सर मात्र मान हलवून म्हणाले, "लाकूड आस्सल हाय, पन हा औताचा बैल हाय. नांगर वढंल, पळणार न्हाई." मागच्या माणसाला पाण्यावर उभे करायचे तर होडी हलकी हवी, तिचा तळ पसरट हवा, म्हणजे ती चटकन पाण्यावर उचलली जाते आणि मागे मोठी लाट उठवीत नाही, हे त्यांनी मासिकातली चित्रे पाहून पाहून मनाशी ठरवले होते.

दुसरी होडी औरंगाबादेच्या बाजूला एका तलावावर होती. तांबड्या रंगाची, चकचकीत, फायबरची. मागे यंत्र बसवलेले. मालकाने दोरी ओढताच यंत्र पहिल्याच झटक्याला सुरू झाले. माझ्या मनात आले, की शोध संपला. सरांनी पुढे होऊन यंत्रावर पालथा हात ठेवला आणि मागे घेतला.

"ऊन लागायलंय."

मालक म्हणाला, "उन्हातच उभी आहे ना होडी."

"सावलीकडून बी ऊनच लागायलंय." सर माझ्या कानाशी आले. "बाजारात बैल आणायच्या आदी दोन कोस पळवून आणतात बगा, तसं हाय हे. निवल्यावर बगू."

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी, मालक उठायच्या आत जायचे ठरवले. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे ते दिवस होते. कोणत्या दिवशी बाजारपेठ बंद राहील आणि एस.टी. कोणत्या फाट्यावर थांबेल, याचा नेम नसे. संध्याकाळी गाड्या बंद झाल्या, तेव्हा मुक्काम करण्यावाचून इलाजच उरला नव्हता. तलावाकाठच्या महादेवाच्या देवळात आम्ही ओसरीवर आडवे झालो. पहाटे माझी संध्या होईतो सर पाण्याकाठी बसून राहिले. मग थंड यंत्राची दोरी त्यांनी दम लागेपर्यंत ओढली. यंत्राने हुंकारही दिला नाही. त्यांनी होडीची मागची फळी ठोकली, जिच्यावर यंत्राचा सारा भार असतो. आवाज ओल्या भिंतीसारखा बद्द आला. सरांनी रंगाच्या कडेत नख खुपसले. तांबड्या रंगाखालून कुजलेला भुगा बाहेर आला.

"रंगवलेली शिंगं," सर एवढेच म्हणाले. परत येताना मात्र ते अस्वस्थ होते. अशा शोधात महिने चालले होते आणि झरीतील धूर दाट होत होता.

तिसरी होडी आमच्याच जिल्ह्यात, येलदरीच्या धरणाच्या पाण्यावर निघाली. तेथे मासेमारीचे काम पाहणारा एक भोई नाईक होता. जाळ्यांवर देखरेख करण्यासाठी त्याने कोण्या लिलावात फायबरची एक होडी घेतली होती. ती दिसायला अत्यंत कुरूप होती. रंग उडालेला, अंगावर ठिगळे. सरांनी मात्र तिच्याभोवती प्रदक्षिणा घातली. ठिगळे ठोकली, मागची फळी ठोकली, आत उडी मारून तळावर टाचा आपटल्या. तळ कोठेही दबला नाही. यंत्राचा पंखा बोटांनी चाचपला, हात ठेवून यंत्र गार असल्याची खात्री करून घेतली आणि मग दोरी ओढली. यंत्र खोकले, घासलेटाचा धूर ओकले आणि सुरू झाले.

नाईक आपल्या माणसांकडे पाहून म्हणाला, "सर बैल घ्यायलेत का होडी, काईच कळंना."

"नाईक, तुमी हिला गोंजारलं न्हाई, म्हणून मला ही आवडली," सर म्हणाले. "लपवलेलं काईच न्हाई हिच्यात."

सौदाही जनावरांच्या बाजारातल्या रीतीनेच झाला. किंमत तोंडाने उच्चारायची नाही. दोघांनी कापडाखाली हात घालून बोटे दाबायची. कापड कोणाकडेच नव्हते, म्हणून माझे उपरणे घेतले गेले. माझ्या शुभ्र उपरण्याखाली मासळीचा आणि खडूचा असे दोन हात बराच वेळ झगडत होते. नाईक कधी डोळे वटारी, कधी हसे. अखेर दोघांनी हात बाहेर काढले आणि नाईक म्हणाला, "म्हाराजाच्या कापडाखाली जास्त मागवंना झालं बगा."

आणि येथे सरांनी त्यांची ती प्रसिद्ध चूक केली. आमच्याकडे जनावर विकले तरी त्याचे दावे, म्हणजे बांधायची दोरी, विकणारा आपल्यापाशीच ठेवतो. दाव्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते अशी श्रद्धा आहे. होडीसोबत नायलॉनची एक लांबलचक, उत्तम दोरी होती. सरांनी ती नीट गुंडाळली, तिला हळदीकुंकू लावले आणि दोन्ही हातांनी नाईकाच्या ओंजळीत ठेवली.

"आवो सर, ही दोरी होडीचीच हाय!"

"आसंल. दावं विकणाऱ्याचं."

नाईकाने माझ्याकडे आशेने पाहिले. मला ती रीत योग्यच वाटली, म्हणून मी मान डोलावली.

फळ्या शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत तयार झाल्या. सागवानाच्या दोन लांब फळ्या, पुढची टोके वाफेवर धरून वाकवलेली. डावा पाय चार बोटे उचलायचा होता. एका सकाळी सर माझ्या घरी आले. मी पूजेहून उठत होतो.

"शास्त्रीबुवा, एक खडाव द्या."

"एक?"

"डावी. उजवी तुमची तुमाला."

त्या खडावा माझ्या वडिलांच्या होत्या. पूजेच्या वेळेखेरीज मी त्या घालीत नसे. क्षणभर हात थबकला. मग वाटले, की ज्या पायांनी वडील देवापुढे उभे राहत त्यांच्या खाली जे लाकूड होते, ते कोणाला उभे करण्यासाठी जात असेल तर त्याचा मार्ग चुकलेला नाही. मी डावी खडाव त्यांच्या हाती दिली. सरांनी ती आधी कपाळाला लावली आणि मग, सवयीप्रमाणे, ठोकून पाहिली. तिची खुंटी काढून त्यांनी ती डाव्या फळीवर बसवली आणि पाय अडकवायला सायकलच्या ट्यूबचे पट्टे लावले.

धरणावरच्या साहेबांनी कौतुकाने परवानगी दिली. नाईक स्वतः होडी हाकायला तयार झाला. "इकली म्हणून काय झालं, माझ्याच हातची हाय," असे तो म्हणाला. सरांनी पाठीला वाळके भोपळे बांधले. आदल्या उन्हाळ्यात, पंचेचाळिशीच्या वयात, ते शाळकरी मुलांच्या सोबतीने असेच भोपळे बांधून विहिरीत पोहायला शिकले होते. होडीला दोरी म्हणून त्यांनी झरीच्या घरातला मोटेचा जुना, अंबाडीचा दोर आणला होता.

होडी निघाली. दोर पाण्यात पडला, पाणी प्याला, फुगला आणि जड होऊन बुडाला. सर त्याच्यासोबत नाकावर आपटले आणि पाण्याखालीच ओढले गेले. नाईकाने यंत्र बंद करून त्यांना वर घेतले तेव्हा ते खोकत म्हणाले, "दोर चांगला हाय. फक्त त्याला खाली विहीर लागते."

नाईकाने दुसऱ्या खेपेला आपली नायलॉनची दोरी आणली, तिला जाळ्याचे तरंगते लाकडी गोळे बांधले आणि सरांच्या पायाशी ठेवली. "सर, दावं परत घ्या. हात जोडतो. ही गोठ्यात बसत न्हाई."

त्या दोरीनेही पुढे अनेक रविवार सरांना पाडलेच. कधी फळ्या फाकत, कधी फळ्यांची टोके पाण्यात घुसत. परंतु प्रत्येक वेळी ते किंचित अधिक वर येत. एकदा तर गुडघ्यांतून उठून क्षणभर उभेही राहिले.

मग एका सोमवारी ते शाळेत आले आणि त्यांच्या टेबलावर तांब्या नव्हता. मधल्या सुट्टीत त्यांनी मला सांगितले. आदल्या दिवशी ते झरीला गेले, दारात निःशब्द उभे राहिले. आई दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "कोन हाय?" सर एक पाऊल आत आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तू व्हय!"

"उशीर झाला शास्त्रीबुवा. मी होड्या ठोकत बसलो आन् तिकडं दार लागलं."

होडी येलदरीच्या काठावर, एका बाभळीखाली पालथी पडून राहिली. सर रविवारी धरणावर जाईनासे झाले. मी दोन-तीनदा विषय काढला. "आता कोनासाठी?" एवढेच ते म्हणत, आणि मातीवरून वर्गाकडे निघून जात.

बरेच दिवस वाट पाहून मी एकटाच झरीला गेलो. हे मी सरांना न विचारता केले. आईंना होडीचे काहीच ठाऊक नव्हते; तो सारा घाट त्यांना चकित करण्यासाठी होता. मी पहिल्यापासून सांगत गेलो. पाण्यावर उभे राहण्याचे ऐकून त्या हसल्या. "येडा झालाय का माझा लेक? पान्यावर उभा?" मग मी त्यामागचे कारण सांगितले. त्यांचे हसू मावळले. हाताने चाचपत त्यांनी सारवलेल्या जमिनीवरून तळवा फिरवला.

"म्हाराज, ही जमीन बगितली? सगळ्या गावात फरशी आली, मी घालू दिली न्हाई. लहान आसताना शाळंच्या फरशीवर ह्याचं पाऊल वाजायचं, टक् आन् धप्, टक् आन् धप्. पोरं तसंच म्हणून चिडवायची. रडत यायचा. तवापासून मातीवरून चालतो. घरात तरी वाजू नये म्हणून मी दर आठवड्याला सारवते." त्यांनी तळवा जमिनीवरच ठेवला. "पन मला ऐकू येतंच की. मातीवर बी येतं."

ओसरी, चिखल, पायरीवर बूट खरवडणारे सर, सारे माझ्या डोळ्यांपुढून गेले.

आईंनीच विचारले, "आता काऊन थांबलाय त्यो?"

"तुम्हाला दिसणार नाही म्हणून."

त्यांनी मान झटकली, जणू मी बाजारातले एखादे कच्चे गिऱ्हाईक होतो. "म्हाराज, मी बैल कवा डोळ्यानं पारखला? त्याला म्हणावं, मला घेऊन चल."

हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही येलदरीला पोहोचलो. वारा नव्हता. धरणाचे पाणी सरांच्या तांब्यातल्यासारखे स्थिर होते. नाईकाने आईंना हात धरून होडीत बसवले, मागे तोंड करून, दोरी जेथे बांधली होती तेथे. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि मनात वरुणाचे स्मरण केले. सर पाण्यात उतरले. पाठीला भोपळे, पायाला फळ्या, डाव्या पायाखाली माझ्या वडिलांची खडाव.

पहिल्यांदा ते पडले. दुसऱ्यांदाही पडले. आईंनी हात पुढे करून ताणलेल्या दोरीवर तळवा टेकवला. मोटेच्या कासऱ्यावर ठेवावा तसा, न आवळता.

तिसऱ्या वेळी यंत्राचा आवाज चढला, पाणी फुटले, सर गुडघ्यांतून वर आले आणि उभे राहिले. मी अधीर होऊन सांगू लागलो, "आई, उभे राहिले! ताठ—"

"सांगू नका," त्या म्हणाल्या.

मी थांबलो. होडी पाण्यावर हलकी होऊन धावत होती; मागे सर, हात लांब केलेले, चेहऱ्यावर पाण्याचे तुषार. आईंचा तळवा दोरीवर होता आणि डोळे मिटलेले होते. मासिकातल्या चित्राहून ते दृश्य मुळीच वेगळे नव्हते. मी मात्र मागे न पाहता त्या म्हातारीच्या हाताकडेच पाहत राहिलो. बोटे अगदी हळू हलत होती. मग ती निवांत झाली.

"दोन्ही पायांवर सारखा भार हाय," त्या म्हणाल्या. "कुटंच चोरंना झालाय. सरळ जायलाय माझा लेक."

आणि त्यांच्या मिटलेल्या पापण्यांखालून पाणी आले.

नाईकाने तोंड फिरवून होडी काठाच्या दिशेने वळवली. सरांनी उथळ पाण्यात दोरी सोडली, फळ्या काढल्या आणि ते काठावरच्या खडीवरून धडपडत आमच्याकडे येऊ लागले. खडीवर त्यांची पावले वाजत होती, एक जड, एक हलके. होडी टेकली होती. आई अजून तिच्यातच बसल्या होत्या.

"माय, कळलं का?" सरांनी विचारले.

"कळलं लेकरा. सगळं कळलं." आईंनी हात पुढे केला, सरांनी तो ओल्या हातात घेतला. "पान्यावर तू लय देखना गेलास. पन आता खडीवरून आलास न्हवं, तवा मला माझा लेक आला आसं वाटलं. आता मला दिसत न्हाई रे. ह्या पावलावरूनच मी तुला वळखणार. ते लपवत जाऊ नको."

ओले कपाळ सरांनी आईच्या हातावर टेकवले. नाईक उगाचच दोरी गुंडाळीत होता.

आता मी वृद्ध झालो आहे. देवघरातील फळीवर एकच खडाव आहे, उजवी. पाहुणे विचारतात आणि मी ही हकीकत सांगतो. सर निवृत्त होऊन झरीला गेले. आईंच्या शेवटापर्यंत त्यांच्याजवळ राहिले. होडी नाईकानेच परत घेतली. सरांनी ती दोरीसकट दिली.

परंतु त्यांची आठवण येते तेव्हा मला पाणी दिसत नाही. त्या रविवारानंतरचा सोमवार आठवतो. पहिला तास संपल्याची घंटा झाली. आम्ही शिक्षकखोलीत बसलो होतो. ओसरीवर पादत्राणांचा नेहमीचा नाद उठला आणि त्यात एक नाद नवा होता. गणिताच्या सरांनी हातातली चहाची बशी खाली ठेवली. मुख्याध्यापकांनी मान वर केली. फरशीच्या अगदी मधोमध, सावकाश, शाळेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणीतरी चालत येत होते. टक्, आणि धप्. टक्, आणि धप्.